तापीपलीकडचा आहूखाना

जळगाव, रावेर, मुक्ताईनगरकडच्या माणसाला बऱ्हाणपूर परके वाटत नाही. लग्नाचा बस्ता, मावा जिलेबी, दराबा आणि इच्छापूरच्या देवीचा नवस या कारणांनी आमच्या कित्येक पिढ्या त्या गावाला जात आल्या आहेत. २००३ मध्ये ते मध्य प्रदेशातल्या स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे झाले हे खरे. पण फारुकी सुलतानांची आणि पुढे मुघल सुभेदारांची खानदेशाची राजधानी तेच होते, आणि धुळ्याला खानदेशाचे मुख्य ठाणे होण्याचा मान मिळाला तो १८१८ नंतर, इंग्रजी अमलात. त्यामुळे खानदेशात जुना, राजेशाही थाटाचा बागेतला महाल पाहायचा म्हटले की मला आधी तापीपलीकडचे जैनाबाद आणि तिथला आहूखाना, म्हणजे हरणे राखण्याची शाही बाग आठवते.

आहूखान्याला जाणारे बहुतेक लोक एकाच कारणासाठी जातात. शाहजहानची बेगम मुमताज महल १७ जून १६३१ रोजी बऱ्हाणपुरात चौदाव्या बाळंतपणात वारली आणि आग्र्याला नेईपर्यंत तिचे शव याच बागेत ठेवले होते. लोक येतात, ‘ताजमहाल इथेच व्हायचा होता’ असे एकमेकांना सांगतात, पडक्या भिंतींसमोर फोटो काढतात आणि थोडे हिरमुसून परत फिरतात. माझे म्हणणे असे आहे की हे ठिकाण न झालेला ताजमहाल म्हणून पाहिले तर तिथे काहीच दिसत नाही; शहराबाहेर, नदीच्या पलीकडे, विसाव्यासाठी आणि शिकारीसाठी बांधलेले बागेतले घर म्हणून पाहिले तर मात्र पाहण्यासारखे पुष्कळ आहे. शवाचा मुक्काम तिथे जेमतेम सहा महिन्यांचा; बाग त्याच्या आधीही होती आणि नंतरही राहिली.

या वेळी बरोबर मामा होते. मामांची रावेर तालुक्यात केळीची शेती आहे आणि इतिहासाविषयी त्यांना विशेष ओढ नाही; परंतु बाग म्हटल्यावर ते निघाले. मुक्ताईनगरहून इच्छापूर, शहापूर करत जाणारा रस्ता तापीच्या दक्षिण तीराने जातो, म्हणजे जैनाबादचा काठ आधी लागतो. तरीही आम्ही सरळ पूल ओलांडून आधी शहरात गेलो आणि शाही किल्ला पाहिला. हा क्रम मी मुद्दाम धरला होता, कारण आहूखान्याची जागा का निवडली गेली हे किल्ल्याच्या गच्चीवरूनच नीट कळते.

शाही किल्ला तापीच्या अगदी काठावर, पाण्यातून वर चढत गेल्यासारखा बांधलेला आहे. आज त्यातला बराच भाग ढासळला आहे. हमामखान्याच्या छतावरची रंगीत नक्षी मात्र अजून डोळे खिळवून ठेवते. शाहजहान दख्खनच्या मोहिमेसाठी मार्च १६३० मध्ये इथे आला आणि दोन वर्षे राहिला, त्या काळात मुघल साम्राज्याचा कारभार प्रत्यक्षात या काठावरून चालत होता. गच्चीवर उभे राहून दक्षिणेला पाहिले की खाली तापीचे रुंद पात्र, पात्रात काळ्या खडकांच्या रांगा आणि समोर जैनाबादचा सखल, झाडीचा काठ दिसतो. दरबार, फौज, बाजार आणि गर्दी अलीकडे. हरणे, झाडे आणि निवांतपणा पलीकडे. मध्ये एक नदी. होडीत बसले की थोड्या वेळात राजा आपल्या राज्याच्या बाहेर पडल्यासारखा होत असणार. सरदारांच्या वाड्याला परसबाग असते तशी ही बाग नव्हती. तिच्याकडे जाण्यासाठी पाणी ओलांडावे लागे, आणि माझ्या मते तिची सगळी मौज त्या ओलांडण्यात होती.

या दोन काठांची जोडी मुघलांच्याही आधीची आहे. पंधराव्या शतकाच्या आरंभी नासिरखान फारुकीने ही दोन गावे वसवली आणि खुलताबादच्या दोन सूफी संतांची नावे त्यांना दिली: बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचे नाव उत्तर काठाला, त्यांचे शिष्य जैनुद्दीन यांचे दक्षिण काठाला. अकबराने १६०१ मध्ये अशीरगड घेतला, फारुकी राज्य संपले आणि खानदेश शाहजादा दानियालच्या हाती आला. हरणे राखण्यासाठी बंदिस्त राई, त्यात मुक्कामाचा महाल, ही आहूखान्याची मूळ कल्पना परंपरेने दानियालच्याच नावावर आहे. ते त्याच्या स्वभावाला धरून आहे. दानियालला बंदुकीने शिकार करण्याचे वेड होते आणि दारूचे त्याहून अधिक. अकबराने त्याच्या दारूवर पहारा बसवला, तेव्हा त्याच्या माणसांनी त्याच्याच आवडत्या बंदुकीच्या नळीत भरून दारू आत पोहोचवली. गंज आणि जुन्या दारूगोळ्याचा अंश त्यात उतरला आणि १६०५ मध्ये तो बऱ्हाणपुरातच मेला. ही हकिकत त्याचा भाऊ जहांगीर याने स्वतः लिहून ठेवली आहे.

दुपारी आम्ही पूल ओलांडून परत दक्षिण काठाला आलो. जैनाबादला वळणारा रस्ता शेतांमधून जातो. दोन्ही बाजूंना केळीचे मळे, मध्ये कपाशी, ठिबकच्या काळ्या नळ्या आणि मधूनच एखादी जुनी, जाड चुन्याची भिंत अशी ती वाट आहे. एका शेतकऱ्याला रस्ता विचारला, तर त्याने आधी आमच्याकडे आणि मग गाडीच्या नंबराकडे पाहून आपल्याच बोलीत म्हटले, ‘‘तठी पाहासारखं काय राह्यलं नाही भाऊ, पन जा, पाहून या.’’ मामांना तो माणूस तिथेच आवडला.

आवारात शिरल्यावर पहिल्यांदा जाणवतो तो मोकळेपणा. भोवतालचा कोट जागोजागी खचला आहे. आत कमानींची बारादरी, म्हणजे चहूबाजूंनी मोकळा मंडप, तिच्या समोरच्या अंगाला महाल आणि पाण्यासाठी बांधलेला हौद, एवढाच आज इमारतींचा ऐवज आहे. महाल म्हणताना मनात येते तसे ते मोठे प्रकरण नाही. वीट, दगड आणि चुना यांत बांधलेली, जाड भिंतींची, आत थंडावा धरून ठेवणारी ती वास्तू आहे. संगमरवर नाही, जाळीकामाचा बडेजाव नाही. गिलावा बऱ्याच ठिकाणी गळून पडला आहे, परंतु जिथे टिकला आहे तिथे हात फिरवला तर तो अजून गुळगुळीत लागतो. भिंतीतले लहान कोनाडे पाहून मी मामांना म्हटले की अशा बागांमध्ये वाहत्या पाण्यामागे कोनाड्यांत रात्री दिवे आणि दिवसा फुलांची पात्रे ठेवण्याची रीत होती. मामांनी कोनाड्यात डोकावून पाहिले, मान हलवली आणि हौदाकडे गेले.

तिथून पुढचा तासभर ते कशाकडेच पाहायला तयार नव्हते. ‘‘बाग म्हनजे पह्यले पानी,’’ ते म्हणाले. ‘‘पानी कुठून आनलं ते सांग, मंग राजाचं सांगजो.’’ मला त्यांचा प्रश्न फार योग्य वाटला, कारण मुघल बागांचे वर्णन करणारे आपण बहुतेक जण कारंजी आणि गुलाब यांपासून सुरुवात करतो आणि या बागा मुळात ओलिताची शेती होत्या हे विसरतो. चारबागेची रचनाच पाहावी. मधोमध हौद, त्यातून चार दिशांना जाणारे दगडी पाट, पाटांच्या कडेने उंच पायवाटा आणि त्या पायवाटांपेक्षा खोलात असलेले चौकोनी वाफे. पायवाट उंच असल्यामुळे चालणाऱ्याच्या पायांशी फुलांचा गालिचा दिसतो, हे सौंदर्याचे कारण नेहमी दिले जाते. मामांनी त्याचे दुसरे कारण उभ्या उभ्या सांगितले: वाफा खोलात असला की पाटाचे दार फोडताच पाणी आपोआप खाली उतरते, वाफा बुडाशी भरतो आणि वाट कोरडी राहते. केळीला पाटाने बारे देत असत त्या काळात त्यांनी हेच केले होते.

नदीकाठी बाग असली म्हणजे पाण्याची सोय आयती झाली असे वाटते, पण तसे होत नाही. तापीला दरडी आहेत. पावसाळा सोडला तर पाणी खाली आणि बाग वर. अशा ठिकाणी पाणी एक तर वरच्या अंगाला अडवून उताराने आणावे लागते, नाहीतर मोटेने किंवा रहाटाने उचलून थारोळ्यात ओतावे लागते, आणि तिथून पाटाला लावावे लागते. कारंजे उडवायचे असेल तर टाकी आणखी उंच हवी. म्हणजे राजाने बारादरीत बसून पाण्याचा आवाज ऐकावा यासाठी कुणीतरी बैलजोडी घेऊन दिवसभर धावेवर ये-जा करणे आले. आज आहूखान्याच्या जमिनीवर वाफ्यांच्या रेषा दिसत नाहीत, पाट बुजले आहेत आणि हौद कोरडा आहे, तरी जमिनीचा हलका उतार पायांना कळतो, आणि तो कळल्यावर बागेचा अर्धा नकाशा डोक्यात तयार होतो.

समोरच्या, म्हणजे शहराच्या काठाला हाच प्रश्न कसा सोडवला होता हे ज्याला पाहायचे आहे, त्याने कुंडी भंडारा चुकवू नये. अब्दुर्रहीम खानखाना, म्हणजे ज्यांचे दोहे आपण शाळेत हिंदीच्या तासाला पाठ केले तेच रहीम, बऱ्हाणपूरचे सुभेदार असताना १६१५ मध्ये तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी तज्ज्ञाकडून हे काम झाले. सातपुड्यात मुरलेले पाणी जमिनीखालून तापीकडे झिरपत येते. ते वाटेतच भुयारी बोगद्यांत गाठायचे आणि कोणत्याही यंत्राशिवाय, केवळ उताराच्या बळावर शहरात आणायचे, अशी ती योजना आहे. ओळीने खोदलेल्या विहिरींसारख्या कुंड्या या बोगद्याला हवा देतात आणि दुरुस्तीसाठी उतरायला वाट देतात. खाली उतरल्यावर भिंतींवर चुनखडीचे थर चढलेले दिसतात आणि पाणी चारशे वर्षांनंतरही वाहते आहे. खानखानांची लालबाग याच पाण्यावर फुलली होती. ती बाग आता केवळ नावाने उरली आहे: बऱ्हाणपूरचे रेल्वे स्टेशन ज्या वस्तीत आहे तिला लालबाग म्हणतात, आणि भुसावळ-खंडवा गाडीने तिथे उतरणाऱ्या शेकडो लोकांना आपण एका मुघल बागेत पाऊल ठेवतो आहोत याची कल्पना नसते.

आता मुमताजविषयी, कारण तिला टाळून आहूखान्याचे वर्णन करणे बरोबर होणार नाही. जून १६३१ मध्ये तिला जैनाबादच्या बागेत तात्पुरते पुरले. शाहजहान शुक्रवारी नदी ओलांडून तिच्या कबरीशी येत असे. डिसेंबर १६३१ मध्ये शाहजादा शुजा याच्या सोबत शव आग्र्याला रवाना झाले. ताजमहाल इथे का झाला नाही याची अनेक कारणे गावात सांगतात: इथल्या मातीला वाळवी लागते, मकराण्याचा संगमरवर इतक्या लांब आणणे परवडत नव्हते, तापीत इमारतीचे प्रतिबिंब नीट पडले नसते. मला यांतले एकही कारण पटत नाही. दख्खनच्या मोहिमेसाठी मुक्कामाला आलेला बादशहा आपल्या घराण्याची सर्वांत मोठी इमारत छावणीच्या गावी बांधणे मुळातच संभवनीय नव्हते, आणि शव सहा महिन्यांत हलवले यावरून निर्णय फार आधीच झाला असावा असे दिसते. आग्र्याची ती जागा अंबरच्या राजा जयसिंगाची होती आणि तिच्या बदल्यात त्याला हवेल्या दिल्या गेल्या. हाच मिर्झाराजा जयसिंग, ज्याच्याशी शिवाजी महाराजांनी १६६५ मध्ये पुरंदरचा तह केला, १६६७ मध्ये दख्खनहून परतताना बऱ्हाणपुरात वारला. त्याची छत्री तापीच्याच काठी, शहरापासून थोड्या अंतरावर उभी आहे. ताजमहालाच्या जागेचा मूळ मालक इथे आणि जिच्यासाठी ती जागा घेतली ती तिथे, असा हा उलटा योग आहे.

बागेच्या सावलीत बसून मला मात्र त्या वर्षातली दुसरी गोष्ट अधिक अस्वस्थ करत राहिली. १६३० ते १६३२ ही वर्षे गुजरात, खानदेश आणि दख्खनला होरपळून काढणाऱ्या दुष्काळाची होती. पीटर मंडी हा इंग्रज व्यापारी १६३० च्या अखेरीस सुरतेहून आग्र्याला जाताना नंदुरबार, थाळनेर, चोपडा असा आपल्याच मुलखातून बऱ्हाणपूरला पोहोचला, आणि रस्त्याकडेला पडलेल्या प्रेतांची त्याने केलेली नोंद आजही वाचवत नाही. बादशहाच्या दरबारी इतिहासकाराने लिहिले आहे की बऱ्हाणपुरात लंगर उघडले आणि दर सोमवारी पाच हजार रुपये गरिबांत वाटले गेले, असे वीस सोमवारांत एक लाख झाले. याच दुष्काळात तिकडे देहूला तुकोबांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली. नदीच्या एका काठाला लंगरापुढे रांगा आणि दुसऱ्या काठाला ओलिताखाली ठेवलेली बाग, हे चित्र एकदा डोळ्यांसमोर आले की ‘मुघलांची निसर्गप्रीती’ यासारखे शब्द सहज लिहिता येत नाहीत. बागेने कुणाचे पाणी तोडले असे मी म्हणत नाही. परंतु या वास्तूचे कौतुक करताना तो दुष्काळ वगळणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही, आणि मुमताजच्या कथेत तो सहसा वगळला जातो.

बागेची तिसरी कथा औरंगजेबाची आहे आणि ती ऐकल्यावर मामा पहिल्यांदा मनापासून हसले. औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार होऊन निघाला तेव्हा १६५३ सालाचा बराच भाग तो बऱ्हाणपुरात रमला. आहूखान्याच्या बागेत तो आपल्या मावशीच्या परिवाराबरोबर फिरत असताना तिच्या घरची गायिका हिराबाई त्याच्या नजरेस पडली. ही घटना साधारणपणे त्याच मुक्कामातली मानतात. एका फारसी वृत्तान्तात ती आंब्याच्या झाडाखाली उडी मारून फळ तोडते, दुसऱ्यात ती फांदीला हात लावून गुणगुणत उभी असते, आणि पुढे शाहजादा मूर्च्छित पडतो. तिने परीक्षा पाहण्यासाठी दारूचा पेला पुढे केला, तो ओठांना लावणार तोच तिने काढून घेतला, असेही सांगतात. ती फार जगली नाही. तिची कबर औरंगाबादला झाली आणि इतिहासात ती ‘जैनाबादी’ म्हणूनच राहिली. ज्या बागेत बावीस वर्षांपूर्वी त्याच्या आईला पुरले होते त्याच बागेत हे घडले, याचा उल्लेख कथा सांगणारे करत नाहीत. मला या गोष्टीतला आंबा महत्त्वाचा वाटतो. शाही बाग म्हणजे नुसते गुलाब आणि सरू नव्हेत. तिथे हात पोहोचेल अशा फांदीवर फळ होते. मुघल बागांतून फळे निघत, विकली जात आणि बागेचा खर्च काही अंशी त्यातून भागे. मामांच्या दृष्टीने आहूखाना इथे एकदाचा समजण्यासारखा झाला: ती एक बागाईत होती, मालक तेवढा मोठा होता.

जतनाविषयी एक मत मांडतो. अशा ठिकाणी डागडुजी म्हटली की हिरवळीचा गालिचा, विदेशी शोभेची झुडपे आणि रंगीत दिव्यांची कारंजी करण्याची आपल्याकडे चाल पडली आहे. आहूखान्याचे तसे करू नये. कोट सावरावा, बुजलेले पाट जाणकारांच्या देखरेखीखाली उकरून त्यांची दिशा शोधावी, महालाच्या भिंतींवर सिमेंट न लावता चुन्याचाच गिलावा करावा, आणि लावायचीच असतील तर आंबा, डाळिंब, लिंबू अशी झाडे लावावीत, जी या मातीत नांदतात आणि त्या काळच्या बागांतही होती. त्याबरोबर किल्ल्याच्या गच्चीपासून पलीकडच्या काठापर्यंतची नजर मोकळी राहील एवढे पाहावे. मध्ये उंच काही उभे राहिले तर दोन्ही वास्तू एकमेकींपासून तुटतील.

जाणाऱ्यांसाठी थोडे सांगण्यासारखे आहे. मार्च ते मे इथला उन्हाळा फार कडक असतो आणि आवारात सावली थोडी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. सकाळी किल्ला, मग कुंडी भंडारा, दुपार कलल्यावर नदी ओलांडून आहूखाना असा क्रम ठेवावा. बरोबर पाणी न्यावे, पायांत बूट असावेत, कारण गवतात काटे आणि फुटक्या विटा असतात. जामा मशिदीला वेळ ठेवता आला तर अवश्य ठेवावा. राजा अलीखान फारुकीने बांधलेल्या त्या मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही कोरलेला आहे.

आणि बागेतल्या घरांचीच गोडी लागली असेल, तर शहरापासून सुमारे २० किलोमीटरवर उतावळी नदीवर महाल गुलारा आहे. नदीला आडवा बांध घालून पाण्याचा धबधबा केला आहे आणि बांधाच्या दोन टोकांना समोरासमोर दोन महाल उभे आहेत. तिथे पावसाळ्याच्या शेवटी, बांधावरून पाणी पडत असताना जावे. मामांनी त्यासाठी आत्ताच होकार दिला आहे. बांध कुणी आणि कसा घातला हे त्यांना पाहायचे आहे.